मागचा लाल दिवा हाही काढणीचाच भाग आहे



आजच्या मेसेजमध्ये फवारणी नाही आणि खतही नाही. टोमॅटोच्या करप्याचं परवाच कळवलंय, पावसानं उघडीप दिली की त्याप्रमाणे करा. आज मी पिकअपच्या मागच्या दिव्याच्या बल्बबद्दल लिहिणार आहे. मेसेज लांब आहे. आत्ता गडबडीत असाल तर संध्याकाळी धारा झाल्यावर वाचा, पण वाचा.

"ताई, तुमचा डिप्लोमा शेतीचा का गॅरेजचा?" असं कोणीतरी विचारणारच. शेतीचाच आहे. पण आपण सगळेजण काढणीनंतरच्या नुकसानीबद्दल नेहमी बोलतो. टोमॅटो क्रेटमध्ये दाबू नका, कोथिंबीर उन्हात ठेवू नका, कांदा ओला भरू नका, असं मीच तुम्हाला दर आठवड्याला सांगत असते. माल गाडीत चढला, ताडपत्री बांधली की माझा सल्ला तिथे संपायचा. पुढचं काम ड्रायव्हरचं, असं मी धरून चालले होते. ते चूक होतं. का ते सांगते. हे घरचंच आहे, त्यामुळे कुणाला बोल लावत नाही.

*आमच्या घरी काय झालं*

गेल्या वर्षी भाद्रपदातली गोष्ट. आमची पिकअप जुनी आहे, हप्त्यावर घेतलेली. आण्णा, म्हणजे माझे वडील, कोथिंबीर, मेथी घेऊन कल्याणला जातात. ओतूर, मढ, माळशेज, टोकावडे, मुरबाड हा रस्ता तुमच्यातल्या बऱ्याच जणांना झोपेतही पाठ आहे.

सोमवारी संध्याकाळी मी अंगणाचं फाटक लावत होते. गाडी आत येताना दिसलं की मागचा डावा दिवा लागत नाही. मी म्हटलं, "आण्णा, डावा दिवा गेलाय." ते म्हणाले, "उजवा आहे ना. उद्या बघू." दुसऱ्या दिवशी त्यांनी बघितलं नाही आणि मीही आठवण केली नाही. त्या आठवड्यात मी तुमच्याकडे प्लॉट बघत फिरत होते. कुणाच्या पानावर किती ठिपके आहेत हे मी वहीत लिहून घेत होते आणि आमच्याच गाडीचा बंद दिवा मला रोज दिसत होता. असे आठ दिवस गेले.

पुढच्या मंगळवारी दुपारी कोथिंबीर काढली, जुड्या बांधल्या, साधारण दोन हजार. आठच्या सुमारास आण्णा निघाले. पाऊस भुरभुरत होता. ओतूरच्या पुढे गेल्यावर ताडपत्रीची दोरी सैल झाली म्हणून त्यांनी गाडी कडेला घेतली. कडेला म्हणजे अर्धी साइडपट्टीवर, अर्धी डांबरावर, जशी आपण सगळेच घेतो. ते खाली उतरून दोरी ओढत होते. तेवढ्यात मागून दूध घालून परत निघालेला एक मुलगा दुचाकीवरून आला आणि फाळक्याच्या कोपऱ्यावर आदळला. वय बावीस-तेवीस असेल.

तो वाचला, हे आधीच सांगते. मांडीचं हाड मोडलं, जबडा फाटला, पायात रॉड टाकावा लागला. कितीतरी महिने तो काठी घेऊन चालत होता. त्याच्या घरी चार म्हशी आहेत. त्या काळात त्यांच्या धारा त्याची आई काढायची, आणि तिचा एक हात आधीपासूनच दुखरा आहे.

पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी आण्णांना एकच प्रश्न विचारला, "मागचा दिवा चालू होता का?" आण्णा गप्प राहिले. मग गाडी सुरू करून बघितली. डावा तर आधीच गेला होता. उजवाही लागला नाही. ब्रेक दाबला की मात्र उजव्या बाजूला लाल उजेड पडायचा. त्या बल्बमधली ब्रेकची तार शाबूत होती, दिव्याची तुटली होती. म्हणजे गाडी थांबली, ब्रेकवरचा पाय निघाला आणि मागून ती पूर्ण अंधारात गेली. आण्णांना ते कळायला काहीच मार्ग नव्हता. कळायला मार्ग होता तो आठ दिवसांपूर्वी, मी फाटक लावत होते तेव्हा.

गाडी रात्रभर तिथेच राहिली. सकाळपर्यंत कोथिंबीर पिवळी पडली, ती ओढ्याच्या कडेला टाकून दिली. तिचा हिशेब आम्ही कधी मांडला नाही. मांडावासा वाटलाच नाही.

नातेवाईक म्हणाले, "मागून आला त्याची चूक." तो जोरात होता, हे खरं असेलही. पण आमच्या गाडीला दिवा नव्हता हेही खरंच. पहिलं खरं आहे म्हणून दुसरं खोटं होत नाही. ते दुसरं आमच्या हातातलं होतं, म्हणून मी आज त्याबद्दल लिहितेय.

*एका एकराचा हिशेब*

आकडे साधेच आहेत. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी दुचाकी सेकंदाला साधारण १७ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांनी बघून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात २५ मीटर गेले. मग ब्रेक लागून गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी वीसेक मीटर. एकूण ४५. वेग ८० असेल तर हेच अंतर ७० मीटरच्या आसपास जातं. आपल्या एक एकराच्या चौकोनी तुकड्याची एक बाजू साधारण ६४ मीटर भरते. म्हणजे बांधाच्या एका टोकाला ब्रेक मारायचं मनात आलं तर गाडी थांबेपर्यंत दुसरं टोक ओलांडून जाते. रस्ता ओला असेल, मागे माल असेल तर त्याहूनही पुढे.

आता दुसरी बाजू बघा. चिखलानं माखलेली, ताडपत्री घातलेली, दिवा नसलेली पिकअप डिपरच्या उजेडात साधारण ४०-५० मीटरवर आल्यावरच ध्यानात येते. समोरच्या गाडीचा फुल लाइट डोळ्यावर असेल तर त्याहून जवळ आल्यावर. म्हणजे मागच्याला दिसेपर्यंत त्याच्या हातातला वेळ संपलेला असतो. तो कितीही चांगला चालवणारा असला तरी.

आणि पाच वॅटचा तो लाल दिवा चालू असेल तर सरळ रस्त्यावर फर्लांगभर लांबून दिसतो. माळशेजच्या धुक्यात तेवढं अंतर मिळत नाही, पण तिथे तर मागच्याला दिसणारी ती एकच गोष्ट असते. साध्या बल्बला तीस-चाळीस रुपये पडतात. टोमॅटोचा भाव अगदी मातीत गेलेला असतानाही एका क्रेटच्या पैशात तो येतो.

*जी उत्तरं मला मिळतात*

गेले काही महिने मी हा विषय काढतेय. उत्तरं ठरलेली आहेत.

"गाडी भाड्याची आहे, ते ड्रायव्हरचं काम." काम त्याचं आहेच. पण गाडी आपण ठरवली आणि माल आपला आहे. आडत्याच्या काट्यावर दोन किलोचा फरक पडला तर आपण तिथेच उभं राहून भांडतो. मग भाडं देताना गाडीच्या मागे एक चक्कर मारायला कसला संकोच? ड्रायव्हर बऱ्याचदा दिवसभर एक खेप करून आलेला असतो. त्याला दिवा गेल्याचं माहीतही नसतं, कारण चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीची मागची बाजू कधीच दिसत नाही. इंडिकेटरचा बल्ब गेला तर बऱ्याच गाड्यांत टकटक जलद होते, त्यावरून कळतं. मागचा दिवा गेला तर आपल्या साध्या गाड्यांत काहीच इशारा मिळत नाही.

"रेडियम लावलंय की." चांगलं केलंत, काढू नका. पण रेडियमला स्वतःचा उजेड नसतो. मागच्याचा लाइट त्याच्यावर पडला तरच ते चमकतं. वळणावर लाइट दुसरीकडे पडतो. आणि शेतातून निघालेल्या गाडीच्या रेडियमवर चिखलाचा थर असतो. रेडियम हे दिव्याच्या जोडीला आहे, दिव्याच्या जागी नाही.

"चारही इंडिकेटर लावून चालवतो." मग तुम्ही वळणार कधी आणि कुठल्या बाजूला, हे मागच्यानं कसं ओळखायचं? चारही इंडिकेटर गाडी बंद पडून उभी असेल तेव्हासाठी आहेत, चालत्या गाडीसाठी नाहीत.

"एक तरी चालू आहे ना." एकच दिवा दिसला तर मागच्याला लांबून ती दुचाकी वाटते. तो दुचाकीला जागा सोडतो तेवढीच जागा सोडून पुढे काढायला जातो आणि गाडीची अंधारातली बाजू त्याच्या आड येते. आणि आमच्या घरी काय झालं ते वर लिहिलंच आहे. एक गेला की दुसराही तेवढाच जुना असतो. त्यामुळे एक गेला की दोन्ही बदला.

"पोलीस पकडत नाहीत." केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. रात्री मागे लाल दिवा आणि नंबरप्लेटवर पांढरा उजेड हवाच, असं त्यात आहे. एरवी कोणी विचारत नाही, अपघात झाला की पहिला प्रश्न तोच येतो. नुकसानभरपाईच्या दाव्यात दिवा नसलेल्या गाडीच्या मालकावरही जबाबदारी येऊ शकते, धडक मागून बसली असली तरी. पण खरं सांगू? आण्णांना झोप लागत नव्हती ती कोर्टाच्या भीतीनं नाही.

*बल्ब कसा बदलायचा*

हे आण्णांनी मला शिकवलं, अपघातानंतर. पहिल्यांदा अर्धा तास लागला, आता दहा मिनिटं लागतात.

१. आधी तपासा. दिवस मावळल्यावर गाडीची पाठ भिंतीकडे करून लावा. पार्किंग लाइट लावा, भिंतीवर दोन्ही बाजूंना लाल उजेड पडला पाहिजे. मग ब्रेक दाबा, दोन्हीकडचा उजेड वाढला पाहिजे. आरशात बघून एकट्यालाही कळतं. भिंत नसेल तर घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा.

२. एकाच बाजूचा दिवा गेला असेल तर बहुतेक वेळा बल्ब असतो. दोन्ही ब्रेक लाइट एकदम गेले तर फ्यूज किंवा पेडलजवळचा ब्रेक स्विच बघा. फ्यूज जेवढ्या अँपिअरचा आहे तेवढ्याचाच टाका. तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावून काम चालवू नका. वायरिंग तापून गाडी पेटू शकते.

३. लाइट आणि चावी बंद करा. बल्ब गरम असेल तर पाच मिनिटं थांबा.

४. मागच्या दिव्याच्या लाल काचेचे स्क्रू काढा. ते एखाद्या डब्यात किंवा टोपीत ठेवा. चिखलात पडले तर सापडत नाहीत. काचेखाली रबराची पट्टी असते ती फाडू नका, पाणी तीच अडवते. काही गाड्यांत काच उघडावी लागत नाही, मागच्या बाजूनं होल्डर फिरवला की बल्बसकट बाहेर येतो. नवीन काही गाड्यांत एलईडीचा दिवा असतो. त्यात बल्ब बदलता येत नाही, तो गॅरेजलाच न्या.

५. बल्ब ओढून काढायचा नाही. आत दाबा, थोडा डावीकडे फिरवा, मग सुटतो. काच फुटली असेल तर हातात जाड फडकं घ्या.

६. जुना बल्ब घेऊनच दुकानात जा. मागचा दिवा आणि ब्रेक यांचा बऱ्याच पिकअपमध्ये एकच बल्ब असतो, १२ व्होल्ट २१/५ वॅट. त्यात दोन तारा असतात, पाच वॅटची दिव्याची आणि एकवीस वॅटची ब्रेकची. बुडाला दोन ठिपके असतात आणि बाजूच्या दोन खुंट्या खाली-वर असतात, समोरासमोर नसतात. म्हणून तो एकाच बाजूनं बसतो. बसत नसेल तर जोर लावू नका, अर्धा फेरा फिरवून बघा.

७. इंडिकेटरचा बल्ब दिसायला तसाच असतो, पण त्याला एकच तार आणि बुडाला एकच ठिपका. "तोच बसव" म्हणून तो मागच्या दिव्यात ठोकून बसवू नका. त्याच्या बुडानं होल्डरमधले दोन्ही पॉइंट जोडले जातात, मग दिवा आणि ब्रेक एकमेकांत मिसळतात आणि ब्रेक मारला तरी मागच्याला फरक दिसत नाही. जास्त वॅटचाही टाकू नका, होल्डर आणि काच वितळते.

८. नवीन बल्ब टाकण्याआधी होल्डर बघा. आपल्या गाड्यांत खरी गडबड बऱ्याचदा इथेच असते. आपण ओली भाजी वाहतो, खताच्या गोण्या वाहतो, पाइप मारून गाडी धुतो. होल्डरमध्ये पांढरा-हिरवा थर धरतो. पॉलिश पेपरनं तो घासून काढा. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा विझत असेल किंवा इंडिकेटरही मिणमिणत असेल तर अर्थिंग सैल आहे. चासीला जिथे ती वायर कसलेली असते तिथला गंज काढून ती पुन्हा घट्ट करा.

९. बल्ब फडक्यानं पुसून बसवा. काच लावण्याआधी दिवा आणि ब्रेक दोन्ही बघा. मग काच लावा. स्क्रू बेतानं आवळा, प्लॅस्टिक तडकतं. तडकलेल्या काचेतून पाणी जातं आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

एक जास्तीचा बल्ब, एक स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपरचा तुकडा जुन्या मोज्यात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून द्या.

*बल्ब चालू, तरी दिवा दिसत नाही*

हा आपला खास शेतकरी घोटाळा आहे. माल जास्त झाला की आपण फाळका आडवा सोडून त्यावर गोण्या रचतो. ताडपत्रीचं टोक मागे लोंबत राहतं. वैरण किंवा उसाचं वाढं भरलं तर ते दिव्यावर येतं. बल्ब आत व्यवस्थित जळत असतो आणि मागच्याला काही दिसत नाही. म्हणून दिवा माल भरण्याआधी तपासायचा आणि भरून झाल्यावर मागे वीस पावलं जाऊन पुन्हा बघायचा. चिखल असेल तर ओल्या फडक्यानं काच पुसायची. हे पुसायला पैसे लागत नाहीत.

ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांनाही सांगते. आता उसाचा हंगाम येईल. ट्रॉलीला दिव्याची वायरिंग असेल तर सॉकेट जोडा, नुसती लोंबकळत ठेवू नका. नसेल तर करून घ्या. तोपर्यंत मागे आणि दोन्ही बाजूंना रुंद रेडियम लावा आणि शक्यतो उजेडातच रस्ता धरा.

आणि गाडी बंद पडली तर दगड मांडून ठेवायची आपली पद्धत आहे. गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात. रात्री त्या दगडांवर कोण येईल ते आपल्याला माहीत नसतं. लाल त्रिकोण मिळतो, तो गाडीच्या बराच मागे ठेवा. अगदीच दगड ठेवावे लागले तर निघताना उचला.

*माझं म्हणणं*

आता मुद्द्यावर येते. माझं मत असं आहे की आपल्या संकलन केंद्रावर एक नियम करावा: *आधी दिवा, मग भरणी.* गाडी काट्यावर आली की आपल्या माणसानं मागे जाऊन दिवा आणि ब्रेक बघायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. बंद असेल तर कोणालाही परत पाठवायचं नाही. केंद्रावर बल्बचा एक खोका ठेवायचा, खरेदीच्या भावात बल्ब द्यायचा आणि तिथेच बसवायचा. तोपर्यंत मागच्या गाडीचा माल उतरवून घ्यायचा. स्वतःची गाडी असो, भाड्याची असो, संचालकाची असो, नियम एकच.

यावर दोन आक्षेप आले आहेत, ते लपवत नाही. पहिला, हंगामात केंद्रावर आधीच रांग असते, त्यात ही भर कशाला? रांग असते हे खरं. पण आपण प्रतवारीसाठी एकेक क्रेट उलटून बघतो, त्यात वेळ जातो म्हणून प्रतवारी सोडत नाही. ती सोडली तर माल नापास होतो. इथे माणसाचा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काही जण म्हणतात, कंपनीनं दिवा तपासला आणि पुढे अपघात झाला तर लोक म्हणतील, "तुम्हीच पास केली होती गाडी." म्हणजे न तपासलेलं बरं. मी यावर बराच विचार केला. फवारणीच्या सल्ल्याचंही असंच आहे. मी औषध आणि प्रमाण लिहून देते, एखाद्याचं पीक तरी जातं, आणि तो मला बोलतो. म्हणून मी सल्ला देणं बंद केलं तर तुम्ही मला ठेवाल का? आपण दिवा चालू असल्याची हमी द्यायची नाही. निघताना तो चालू होता एवढंच बघायचं. बघितलं नाही म्हणून आपण मोकळे, हे मला पटत नाही. ते सोमवारी फाटकापाशी मी करून बघितलंय.

हेही मान्य करते की दिवा चालू असला तरी अपघात होतात. पिऊन चालवणारे आहेत, मोबाइल बघत चालवणारे आहेत, झोप अनावर झालेले आहेत. त्या सगळ्याला तीस रुपयांचा बल्ब उत्तर नाही. पण करप्यावरही एका फवारणीनं सगळं भागत नाही, तरी आपण ती वेळेवर घेतो.

आणि एक विचार करा. रात्री त्या रस्त्यावर आपल्या गाडीच्या मागे कोण असतं? दूध घालून येणारा पोरगा, शेवटची एसटी चुकली म्हणून कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसलेली बाई, कारखान्याची पाळी संपवून येणारा पुतण्या. आपलीच माणसं असतात. त्या मुलाचे वडील आपले सभासद नाहीत, पण त्याचा मामा आहे. हा मेसेज तोही वाचतोय. हे सगळं लिहायच्या आधी मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "लिही. नाव टाकू नको फक्त."

*आज काय करायचं*

आज दिवस मावळल्यावर पिकअप, छोटा टेम्पो, ट्रॅक्टर, जे काही दारात उभं असेल त्याचा मागचा दिवा आणि ब्रेक बघा. मग या मेसेजला उत्तर म्हणून फक्त एवढंच लिहा: *दोन्ही चालू*, *एक बंद* किंवा *दोन्ही बंद*. लाजू नका, कुणाचंही नाव ग्रुपवर टाकणार नाही. किती बल्ब आणून ठेवायचे हे मला त्यावरून कळेल. "आधी दिवा, मग भरणी" हा नियम तुम्हाला पटत नसेल तर तेही लिहा, कारणासकट. पुढच्या मासिक बैठकीत मी हा विषय मांडणार आहे, तुमची दोन्हीकडची मतं तिथे वाचून दाखवीन. नियम होईल की नाही ते संचालक मंडळ ठरवेल. हा मेसेज माझं मत आहे, कंपनीचा आदेश नाही.

आण्णा अजूनही कल्याणला जातात. आता निघताना मी मागे उभी राहते, ते ब्रेक दाबतात, मी "दोन्ही" म्हणून ओरडते, मग गाडी हलते. मी प्लॉटवर असले तर आई उभी राहते. तिला बल्बमधलं काही कळत नाही, लाल लागलं की नाही एवढंच ती बघते. तेवढं पुरतं.

फवारणीचा पुढचा मेसेज नेहमीप्रमाणे शुक्रवारी येईल. पानांचे फोटो पाठवताना खालच्या बाजूचाही पाठवत जा.

– तुमची कृषी सल्लागार ताई